तुमच्या सरांनी, मॅडमनी नेमकं काय केलं होतं?

वारणाकाठ

नमस्कार मंडळी.

पुढच्या महिन्यात आमच्या बी.ए.च्या बॅचचे सहा-सात जण सांगलीला आमच्या अर्थशास्त्राच्या सरांना भेटायला जाणार आहोत. सर आता ऐंशीच्या पुढे आहेत. शाल-श्रीफळ ठरलं, पेढे ठरले, आणि चार शब्द मी बोलायचे असंही ठरलं. तेव्हापासून रोज रात्री कागद घेऊन बसतोय आणि रोज तेच उतरतंय. ज्ञानाचा सागर, आम्हाला घडवलं, आम्ही ऋणी आहोत. हे कुठल्याही सरांना चालेल. आमच्या सरांचं त्यात काहीच नाही.

शेवटी कागद बाजूला ठेवला आणि डोळ्यांसमोर काय येतं ते बघितलं. आलं ते हरिपूर.

१९९२चा मार्च. आम्ही एस.वाय.ला. सरांनी सांगितलं, उद्या तास नाही, सायकली घेऊन या. कृष्णा-वारणेच्या संगमाला लागून हरिपूर, तिथली हळदीची पेवं सांगलीकरांना माहीत आहेत. वरून बघाल तर नुसती जमीन. तोंडावरचं झाकण काढलं की माणूस जेमतेम उतरेल एवढं भोक, आणि खाली रुंद होत गेलेली अंधारी कोठी. पेव उघडल्याबरोबर कुणी आत उतरत नाही, आधी हवा जाऊ देतात. आम्ही वाकून बघत होतो तेव्हा आतून जो उबट, मातकट वास आला तो अजून नाकात आहे. सर म्हणाले, "ही हळद इथे का आहे? ज्याला भाव वाढेपर्यंत थांबता येतं त्याची आहे म्हणून."

तिथून मार्केट यार्डात. एक शेतकरी नुकतीच वाळवून पॉलिश केलेली हळद घेऊन आला होता. भाव पडलेला. सरांनी विचारलं, "दोन महिने थांबला असता तर?" तो म्हणाला, "पोरीचं लगीन हाय वैशाखात."

दुसऱ्या दिवशी सरांनी फळ्यावर पुरवठ्याची वक्ररेषा काढली, नेहमीसारखी. किंमत वाढली की पुरवठा वाढतो. आणि त्या रेषेच्या शेजारी मोठ्या अक्षरात लिहिलं: वैशाख. तासभर त्या एका शब्दावर बोलले. रेषेत कुठे बसतो हा माणूस? पुस्तकातला विक्रेता भाव बघून ठरवतो, हा पंचांग बघून ठरवतोय.

मी आज बँकेत शेतीकर्जाचं काम बघतो. हप्त्याची तारीख लिहायच्या आधी घरात लग्न आहे का, दवाखाना आहे का, हे विचारल्याशिवाय माझं पेन चालत नाही. ते त्या फळ्यावरून आलं.

म्हणून तुम्हालाही विचारतो. तुमच्या कॉलेजातल्या सरांनी, मॅडमनी नेमकं काय केलं? थोर होते, प्रेमळ होते, हे नको. एक प्रसंग सांगा. आणि सरांसमोर काय बोलावं तेही सुचवा.

पोवईनाका

मस्त धागा. वाचतोय. माझं नंतर लिहितो, आत्ता ऑफिसात आहे.

रानफूल

वारणाकाठ, तुमचं पेव वाचून मला आमच्या बॉटनीच्या मॅडमनी पोटावर झोपवलं होतं ते आठवलं.

१९९८, सप्टेंबर. साताऱ्याहून कासला. तेव्हा कासला आजच्यासारखी रांग नसायची, पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत नाव यायला २०१२ उजाडायचं होतं. आम्ही पोरी फुलांचे गालिचे बघून नुसत्या किंचाळत सुटलेल्या. मॅडम म्हणाल्या, "लांबून बघायचं ते बघून घेतलंत? आता सगळ्या खाली." बुरबुर पाऊस, ओला कातळ, आणि आम्ही पंचवीस जणी पोटावर. प्रत्येकीच्या हातात भिंग. समोर बोटाच्या पेराएवढं लालसर रोप, पानावर केसांसारखे तंतू आणि प्रत्येक तंतूच्या टोकाला चिकट थेंब. दवबिंदू. पंधरा मिनिटं कुणी बोलायचं नाही ही अट.

पाच-सात मिनिटांनी माझ्या पानावर एक चिलट बसलं. बसलं ते बसलंच. पाय सोडवायला धडपडलं तसतसे शेजारचे तंतू त्याच्याकडे वळायला लागले. इतके हळू, की वळताना दिसत नाहीत, पण नजर हलवून परत बघितलं की जागा बदललेली असते.

मग मॅडमनी हातानं जमीन खरवडून दाखवली. जांभ्याचा कातळ आणि त्यावर पातळसा मातीचा थर. "हिला मातीतून नायट्रोजन मिळत नाही. म्हणून ही किड्यातून घेते. आता सांगा, ही झाडं इथेच का?" उत्तर आम्हीच दिलं. त्यांनी एक शब्दही सांगितला नाही.

वायतुऱ्याचं दोन बोटांसारखं फाटलेलं फूल दाखवून म्हणाल्या होत्या, याच्या शास्त्रीय नावात आपल्या साताऱ्याचं नाव आहे, साताऱ्यातल्या पोरींनी तरी ते न तुडवता चालायला शिकावं. मी अजून कुठल्याही पठारावर गेले की पाऊल टाकायच्या आधी खाली बघते. माझ्या मुलालाही तीच सवय लागली आहे.

भडंगप्रेमी

दोन्ही आठवणी एकदम झकास. पण वारणाकाठ, सांगलीच्या सरांना भेटायला जाताना पेढे साताऱ्याचे कंदी पेढे घेऊन जाताय की काय? सांगलीत राहून सरांना भडंगाचा विसर पडला नसेल, तेही न्या. :)

पोवईनाका

भडंगप्रेमी, सांगली म्हणजे साताराच की! १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६०ला त्याचं नाव सांगली झालं. त्यामुळे पेढेसुद्धा तुमचेच आहेत, हक्कानं खा. :)

बरं, माझं. आमच्या फिजिक्सच्या सरांनी फर्स्ट इयरला पहिल्या प्रॅक्टिकलला एक लंबक टांगला आणि विचारलं, आवर्तकाल किती? आम्ही अकरावीपासून पाठ केलेलं सूत्र धडाधड सांगितलं. सर म्हणाले, "सूत्र नको, मोजा." मोजले. प्रत्येकाचं उत्तर वेगळं. आम्हाला वाटलं आमचंच चुकलं. सर खूश! म्हणाले, "आता फिजिक्स सुरू झालं." तेवढंच. पण त्या दिवसापासून दोघांची उत्तरं वेगळी आली की मी घाबरत नाही, बसून शोधतो.

माणदेशी

मी या मंडळातला बहुधा सर्वांत वयस्क सभासद असेन. टंकायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

मी म्हसवडकडचा. १९६३च्या जूनमध्ये साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात आलो. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ नोव्हेंबर १९६२ला स्थापन झालं, म्हणजे वर्षही झालं नव्हतं. आमच्या पुढची मुलं पुणे विद्यापीठाची. कर्मवीर अण्णा १९५९लाच गेले, त्यांना मी पाहिलेलं नाही. पण 'कमवा आणि शिका' होती म्हणून माझ्यासारखा दुष्काळी मुलुखातला मुलगा कॉलेजात टिकला. घरून चार आणेही येणं शक्य नव्हतं.

पहाटे झाडांना आळी करायची, पाणी घालायचं, मग आंघोळ, मग तास. माझी इंग्रजीची भीती अशी, की तासाला मागे बसून मान खाली घालायचो. इंग्रजीचे सर तरुण होते. एक दिवस पहाटे ते स्वतःच आमच्यात आले आणि घमेलं उचललं. आम्ही ओशाळलो. ते म्हणाले, "चालू द्या. पण काम करताना मला इंग्रजीत सांगायचं, आत्ता काय करतोयस." मी आळं करत होतो. आळं करतोय, आळं केलं, आळं उद्या करीन, असं झालं. मग अडलो ते 'केलेलं आहे' ला. सरांनी बादली उचलली आणि मी केलेल्या आळ्यात पाणी ओतलं. पाणी थांबलं. म्हणाले, "काम मागंच झालं, पण त्याचा परिणाम आत्ता तुझ्यासमोर उभा आहे. प्रेझेंट परफेक्ट." शेजारच्या आळ्याची कड फुटली होती, तिथनं पाणी वाहून गेलं. "हा नुसता भूतकाळ."

मी पुढं सदतीस वर्षं हायस्कूलला इंग्रजी शिकवलं. दर वर्षी आठवीच्या मुलांना घेऊन शाळेच्या झाडांपाशी जायचो, बादली घेऊन.

रानफूल

माणदेशी काका, डोळ्यांत पाणी आलं. तुम्ही कितीही वेळ घ्या, पण लिहीत राहा.

भडंगप्रेमी

काका, साष्टांग नमस्कार. मला व्याकरण आज कळलं.

शेवटची_एसटी

धाग्याचे आभार. पहिल्यांदाच लिहितेय.

आमच्या केमिस्ट्रीच्या मॅडमच्या डायरीत एसटीचं वेळापत्रक होतं. मी जावळीतल्या एका गावातली. मेढ्याच्याही पुढं. आमच्याकडे संध्याकाळची एकच गाडी, ती चुकली की मुक्काम. प्रॅक्टिकल दुपारच्या बॅचला, टायट्रेशन नीट होईपर्यंत पाच वाजायचे. पहिल्या दोन आठवड्यांत माझी दोनदा गाडी चुकली. दुसऱ्या वेळी वडील म्हणाले, बास झालं, आता घरी बस.

मी कॉलेजला आले नाही. चौथ्या दिवशी मॅडम त्याच संध्याकाळच्या गाडीनं आमच्या गावात उतरल्या. बरोबर त्यांची धाकटी बहीण. परतीची गाडी नाही हे त्यांना माहीत होतं. आमच्याच घरी राहिल्या, आईबरोबर चुलीपुढं बसून भाकरी खाल्ली. वडिलांशी शिक्षणाचं महत्त्व वगैरे एक अक्षर बोलल्या नाहीत. डायरी उघडली आणि म्हणाल्या, "दादा, कॉलेजात गावाकडनं येणाऱ्या चौदा मुली आहेत. कुणाची गाडी कितीला ते मी लिहून घेतलंय. सोमवारपासून या सगळ्या सकाळच्या बॅचला. तुमची मुलगी चारला स्टँडवर असेल. नसली तर मला विचारा." आणि घराचा पत्ता लिहून दिला.

वडिलांना भीती अंधाराची होती, शिक्षणाची नव्हती. ते आम्हाला घरात कुणाला कळलं नव्हतं, मॅडमना कळलं.

मी एम.एस्सी. केलं. आज औषधांच्या कंपनीत प्रयोगशाळा सांभाळते. शिफ्ट लावताना माझ्या वहीतही मुलींच्या गाड्यांच्या वेळा असतात.

पोवईनाका

_/\_ पुढं काही लिहायचं सुचत नाही.

तासिका

सगळ्यांच्या आठवणी वाचल्या. चांगल्या आहेत. पण कुणीतरी दुसरी बाजू लिहायला हवी म्हणून लिहितो.

मला असं कुणी भेटलं नाही. घरातला पहिला कॉलेजला गेलेला मी. कॉलेजचं नाव घेत नाही. पहिल्याच आठवड्यात एका सरांनी मला उभं करून वाचायला लावलं. मी 'पानी', 'लोनी' असं वाचलं. आमच्या घरात 'ण' नव्हताच. सर हसले. सर हसले म्हणून वर्ग हसला. मग जवळपास रोज मला उभं करायचे आणि तेच वाक्य वाचायला लावायचे. तीन वर्षांत मी वर्गात स्वतःहून एकदाही तोंड उघडलं नाही.

असे धागे निघतात तेव्हा ज्यांना चांगले शिक्षक मिळाले ते लिहितात. बाकीचे गप्प बसतात आणि मग असं वाटतं की त्या काळी सगळेच शिक्षक देवमाणूस होते.

त्रिज्या

तासिका, तुमच्याबद्दल वाईट वाटलं. पण थोडं वेगळं मत मांडू का? आमच्या वेळी सर कडक होते, चारचौघांत बोलायचे, त्यातूनच आम्ही सुधारलो. आता मुलांना कुणी काही बोललेलं चालत नाही. कदाचित त्या सरांना तुमचं उच्चारण सुधारायचंच असेल.

तासिका

सुधारायचं असतं तर जीभ कुठं लावायची ते दाखवलं असतं. ते मला कधीच कुणी दाखवलं नाही. 'ण' म्हणताना जीभ वर टाळूकडे वळते, हे मी एम.ए.ला भाषाविज्ञानाच्या पुस्तकात वाचून, आरशासमोर उभं राहून शिकलो. दहा मिनिटांचं काम होतं. आणि त्याच अभ्यासात हेही कळलं की 'पानी' ही चूक नव्हती, ती माझ्या घरची बोली होती.

कडकपणाबद्दल माझी तक्रार नाही. कडक सर दुसरे होते, त्यांच्याकडून मार खाल्लेला चालेल असे. हे तसं नव्हतं.

माणदेशी

तासिका, बाळा, तुझं बरोबर आहे. मी सदतीस वर्षं शिकवलं, त्यात मीही एकदोन मुलांना असं हसलो असेन, आणि ती मुलं आज कुठल्यातरी धाग्यावर माझ्याबद्दल हेच लिहीत असतील. रात्रभर तेच मनात होतं. तू लिहिलंस हे फार चांगलं केलंस.

एक विचारतो. तुझं नाव 'तासिका' आहे, म्हणजे तू शिकवतोस काय?

तासिका

होय काका. तासिका तत्त्वावर. प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, सेट, पास झालो, जागा निघायची वाट बघतोय. दोन कॉलेजात शिकवतो, एक साताऱ्यात, एक कराडजवळ. घेतलेल्या तासाचे पैसे. सुट्टी लागली की तेही बंद.

म्हणून वरच्या आठवणी वाचताना एक गोष्ट जाणवली. हरिपूरला घेऊन जाणं, गावात मुक्काम करणं, पहाटे घमेलं उचलणं, यातलं काहीच तासिकेत मोजलं जात नाही. मी मुलांना कुठं घेऊन गेलो तर त्या दिवशीचा दुसऱ्या कॉलेजातला तास बुडतो. आजचे शिक्षक तसे नाहीत असं म्हणताना हेही बघा. तेव्हाच्या सरांना पगाराची चिंता नव्हती, त्यांच्या हातात दिवस होता.

तरी एक करतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांची नावं पाठ करतो, आणि प्रत्येकाला त्याच्या घरचा एक शब्द विचारतो जो पुस्तकात नाही. मागच्या वर्षी एका मुलीनं 'वावडी' सांगितला, म्हणजे पतंग. वर्गातल्या निम्म्यांना माहीत नव्हता. ती मुलगी वर्षभर पहिल्या बाकावर बसली.

त्रिज्या

माझं विधान मागं घेतो. जिभेची गोष्ट पटली.

शेवटची_एसटी

तासिका, तुमच्या वर्गातली ती मुलगी तीस वर्षांनी असाच धागा काढेल बघा.

वाचनवेडी

थोडं अवांतर, पण विषयाला धरूनच.

आपल्या दोन्ही गावांत प्राध्यापक वर्गाबाहेरही शिकवत राहिले, हे मला नेहमी भाग्याचं वाटतं. सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजला म. द. हातकणंगलेकर सर इंग्रजी शिकवायचे आणि मराठीत समीक्षा लिहायचे. २००८चं साहित्य संमेलन सांगलीतच झालं, त्याचे अध्यक्षही तेच. ताराबाई भवाळकरांनी सांगलीत मराठी शिकवता शिकवता ओव्या, लोककथा गोळा केल्या, आणि २०२५ला दिल्लीच्या संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. साताऱ्यात आ. ह. साळुंखे सर संस्कृत शिकवायचे, त्यांची पुस्तकं गावोगाव वाचली जातात. आणखी एक. विलिंग्डनची सुरुवात १९१९ची, आणि त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला कराडजवळच्या काल्यात कर्मवीरांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९४७ला पुन्हा तसंच, साताऱ्यात शिवाजी कॉलेज आणि सांगलीत आज वालचंद म्हणतात ते इंजिनिअरिंग कॉलेज. दोन्ही गावांनी जोडीनं शाळा बांधल्यासारखं वाटतं.

माझी आठवण मात्र निवृत्तीनंतरच्या सरांची. २०१९चा ऑगस्ट. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या मराठीच्या सरांचं घर खालच्या अंगाला, तळमजला पूर्ण पाण्यात. सर आणि काकू दोन दिवस आधी बाहेर पडले होते, पुस्तकं मागंच राहिली.

पाणी ओसरल्यावर आम्ही दहाबारा जण गेलो. चिखल काढला. पुस्तकं फुगून कपाटातच गच्च बसलेली, ओढली तर पाठ हातात यायची. गच्चीवर दोऱ्या बांधल्या, पुस्तकं उघडून टांगली, पानापानात वर्तमानपत्राचे तुकडे घातले. आम्ही हळहळत होतो. सर मात्र प्रत्येक भिजलेलं पुस्तक उघडून आत कुणाचं नाव आहे ते बघत होते. एक उचललं आणि माझ्या हातात दिलं. "हे तुझं आहे. १९८७ला तुझ्याकडनं वाचायला घेतलं होतं. परत द्यायचं राहिलं, आणि आता असं झालं. माफ कर."

त्या चिखलात सरांनी माझी माफी मागितली. मी विसरूनही गेले होते. ते पुस्तक तसंच, फुगलेलं, माझ्या कपाटात आहे. पानं चिकटलेली आहेत, मी ती सोडवलेली नाहीत.

रानफूल

वाचनवेडी, अंगावर काटा आला.

लेव्हलबुक

सिव्हिलवाल्यांच्या वतीनं एक.

सेकंड इयरला सर्व्हेइंग. लेव्हलिंगचं, म्हणजे जमिनीची उंची मोजायचं प्रॅक्टिकल म्हणजे बेंचमार्कपासून, उंची ठाऊक असलेल्या खुणेपासून सुरुवात करायची, ठिकठिकाणी पट्टी धरून रीडिंग घेत फिरायचं आणि परत त्याच बेंचमार्कवर यायचं. जिथनं निघालो तिथंच आलो, म्हणजे उंचीतला फरक शून्य यायला हवा. प्रत्यक्षात थोडा फरक राहतोच. त्याला क्लोजिंग एरर म्हणतात. साध्या लेव्हलिंगला एक किलोमीटरच्या फेरीत २४ मिलिमीटरपर्यंत चालतो.

आम्ही उन्हात वैतागून शेवटची दोनतीन रीडिंग झाडाखाली बसून जुळवली. एरर शून्य. सगळ्या गटांनी तेच केलं. फक्त एका गटाच्या वहीत १९ मिलिमीटर राहिला होता, कारण त्यांना जुळवता आलं नाही.

सरांनी सगळ्या वह्या टेबलावर रचल्या आणि त्या गटाला पैकीच्या पैकी मार्क दिले. आमच्या वह्यांवर लाल पेनानं काही खोडलं नाही, एवढंच म्हणाले, "उद्या पहाटे सहाला परत. मी पट्टी धरतो." आणि खरंच, आठवडाभर सर स्वतः चार मीटरची पट्टी धरून उन्हात उभे राहिले. पन्नाशीतला माणूस. आम्ही ११ मिलिमीटर आणला. लिहिताना हात थरथरत होता, इतका आनंद झाला होता.

कालव्यांच्या कामावर तीस वर्षं काढली. साइटवरनं शून्य एररची वही आली की मी अजून विचारतो, कुठल्या झाडाखाली बसला होतात?

वारणाकाठ, तुमच्या मूळ प्रश्नाचं. भाषण लिहू नका. तो वैशाख सांगा, बास.

शेवटची_एसटी

लेव्हलबुकशी सहमत. आणि सरांनाही बोलू द्या. आमच्या मॅडमच्या सत्कारात आम्हीच दोन तास बोललो, त्यांना पाच मिनिटं मिळाली. त्या आता नाहीत. मला अजून वाटतं, त्या रात्री आमच्या घरी यायचं त्यांनी कसं ठरवलं ते विचारायला हवं होतं.

माणदेशी

शाल थंडीत द्या. उन्हाळ्यात म्हाताऱ्या माणसाला शालीचं ओझं होतं. हा अनुभवाचा सल्ला आहे.

वारणाकाठ

धागा वर काढतोय. रविवारी जाऊन आलो.

तुमचं ऐकलं. भाषण केलं नाही. भडंगही नेलं, सरांनी ते आधी फोडलं. (भडंगप्रेमी, धन्यवाद.) सरांना ऐकायला कमी येतं, मी शेजारी बसून मोठ्यानं हरिपूर, मार्केट यार्ड, फळ्यावरचा वैशाख, सगळं सांगितलं. मला ते नावानं ओळखत नव्हते. पण वैशाख म्हटल्यावर सावरून बसले. काकूंना म्हणाले, "ब्याण्णवची वही काढ."

सरांनी प्रत्येक सहलीची वही ठेवली होती! तारीख, हळदीचा त्या दिवशीचा भाव, कोण काय बोललं. निळ्या शाईचं बारीक अक्षर. पानं उलटून त्यांनी बोट ठेवलं. मी वाचलं. 'शेतकरी, वय अंदाजे ३०. धाकट्या बहिणीचे लग्न, वैशाखात. वडील नाहीत.'

बहिणीचं. मुलीचं नव्हे. मी तीस वर्षं सगळ्यांना पोरीचं लगीन म्हणून सांगत आलो. बँकेच्या प्रशिक्षणात सांगितलं, वर इथेही तसंच लिहिलं. माझ्या डोळ्यांसमोर आजही पांढऱ्या मिशांचा म्हातारा उभा राहतो, आणि तो तिशीतला पोरगा होता.

मी म्हटलं, "सर, मी चुकीचं सांगत आलो." सर म्हणाले, "फरक पडतो. बाप मुलीच्या लग्नाची तयारी वीस वर्षं आधीपासून करतो. वडील गेले की भावावर ते एकदम येतं. त्याला थांबायला वेळच नव्हता. मी तासाला सांगितलं होतं हे, तू लिहून घेतलं नसशील." मग वहीतला कोरा कागद फाडून दिला. "दुरुस्त करून लिही. खाली तारीख घाल."

लिहिलं. तारीख घातली. सरांनी चष्मा लावून वाचलं आणि वहीत त्या पानाला टाचणी लावून ठेवलं.

वरच्या पहिल्या पोस्टमध्ये आता बदल करता येत नाही, म्हणून इथेच लिहितो: पोरीचं नव्हे, धाकट्या बहिणीचं लग्न.

लेव्हलबुक

हा खरा क्लोजिंग एरर. सरांना माझाही नमस्कार सांगा.

माणदेशी

वही ठेवणारा शिक्षक. मी नाही ठेवली. ठेवायला हवी होती.

तासिका

वारणाकाठ, एक काम आहे. आमच्या कराडकडच्या कॉलेजात मराठीच्या मुलांना बोलीतले शेतीचे, साठवणुकीचे शब्द गोळा करायला लावलेत. पेव हा शब्द यादीत आहे, पेव कुणी बघितलेलं नाही. २००५च्या पुरात बरीच पेवं गेली असं ऐकून आहे. दाखवण्यासारखं काही शिल्लक आहे का? कुणाला भेटावं? मी एका रविवारी मुलांना घेऊन जायचं ठरवलंय, रविवारी कुठलाच तास बुडत नाही.

वारणाकाठ

तासिका, आत्ताच सरांच्या घरी फोन केला. काकूंनी त्यांना तुमचा निरोप वाचून दाखवला. सर म्हणाले, मी येतो. हरिपूरला त्यांच्या ओळखीचं घर आहे, तिथे सांगून ठेवतो म्हणाले. मुलं किती, ते कळवा. आणि सकाळचीच वेळ ठेवा, दुपारी ते झोपतात. त्यांना न्यायला गाडी घेऊन मी पुण्याहून येतो.